शोकांतिकेचा नायक नेमका कुठे ढळतो, हे संहितेत कसे शोधावे

शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा नाश मत्सराने झाला, लिअरचा संतापाने, मॅकबेथचा महत्त्वाकांक्षेने आणि एकच प्यालातल्या सुधाकरचा दारूने, अशी एका शब्दाची उत्तरे परीक्षेच्या पेपरात सर्रास वाचायला मिळतात आणि प्रयोग सुटल्यावर शिवाजी मंदिराचा जिना उतरताना चाललेल्या गप्पांतही ऐकू येतात. ती चुकीची नाहीत, पण त्यांतून हाती फारसे काही लागत नाही. मत्सर वाटणारी माणसे घरोघरी असतात, संतापी बापही असतात, आणि तरीही त्यांच्यातल्या फार थोड्यांच्या आयुष्याची शोकांतिका होते. नाटककाराचे लक्ष भावनेच्या नावापेक्षा, ती भावना निर्णयाची सूत्रे आपल्या हाती घेते त्या क्षणावर असते, आणि तो क्षण संहितेत बोट ठेवून दाखवता येतो. तो कसा शोधावा, हे पुढे सांगितले आहे. मुंबईतल्या महाविद्यालयांत साहित्य शिकणारे विद्यार्थी, एकांकिकांच्या आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी करणारे तरुण नट व दिग्दर्शक, आणि नाटक मनापासून पाहणारा प्रेक्षक, या सर्वांना ही रीत वापरता येईल.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकाचे जे वर्णन केले, त्यानुसार तो अत्यंत सद्गुणी नसतो आणि दुष्टही नसतो. तो नावलौकिकाचा, मोठ्या पदावरचा, पण आपल्यासारखाच माणूस असतो, आणि हातून घडलेल्या एका मोठ्या चुकीमुळे तो सुखातून दुःखात कोसळतो. या मांडणीत चूक आणि भावना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चूक ही कृती असते: हद्दपारीचा हुकूम, तलवारीचा वार, राज्याची वाटणी, तोंडातून गेलेला शाप. भावना ही त्या कृतीमागची ऊर्मी असते. वाचताना या दोहोंची गल्लत झाली, की आपण ऊर्मीलाच दोष देत बसतो आणि जिथे तिला आवर घालता आला असता ती जागा नजरेतून निसटते. माझे मत असे, की थोर शोकांतिकेत ती जागा बहुधा रंगमंचावर, आपल्या डोळ्यांदेखत येते. कोणीतरी नायकाला सांगते, की थांब, आधी खात्री करून घे. आणि नायक खात्री करून घेत नाही. भावना अनावर झाली याची नाटकातली खूण आरडाओरडा ही नाही, तर पडताळून पाहण्याची तयारी संपणे ही आहे. हे मनाशी धरून पुढचे वाचन करावे.

नायक शांत असताना कसा होता

पहिल्या वाचनात संताप शोधूच नये. एक वही घ्यावी, आणि नायक पहिल्यांदा प्रवेश करतो तेव्हा तो कसा बोलतो, लोक त्याच्याशी कोणत्या आदराने बोलतात आणि अडचण आली असता तो काय करतो, एवढेच लिहून काढावे. ऑथेल्लोच्या बाबतीत या कामाचे चीज होते. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात त्याची नवी बायको डेस्डेमोना हिचा बाप ब्राबान्शिओ रात्रीच्या वेळी मशाली आणि हत्यारबंद माणसे घेऊन त्याच्यावर चालून येतो, दोन्हीकडच्या तलवारी बाहेर निघतात, आणि ज्याचे सारे आयुष्य रणांगणावर गेले तो हा सेनापती आवाजही न चढवता सगळ्यांना तलवारी म्यान करायला सांगतो. दवाने त्या गंजतील, असे म्हणतो. पुढच्याच प्रवेशात, जादूटोणा करून मुलगी पळवल्याचा आरोप सिनेटपुढे झाल्यावर तो म्हणतो, की डेस्डेमोनालाच बोलावून घ्या आणि तिच्या बापासमक्ष तिला बोलू द्या. ही ओळ ठळक अधोरेखित करून ठेवावी, कारण पाचव्या अंकात, ऑथेल्लोच्या हाताखालच्या अधिकाऱ्याशी, कॅसिओशी, संबंध असल्याचा आळ आलेली डेस्डेमोना त्याच्याकडे नेमके हेच मागते. तुम्ही मला भेट दिलेला रुमाल मी कॅसिओला दिलेला नाही, त्याला बोलवा आणि विचारा, अशी ती विनवणी करते. स्वतःवर आळ आला तेव्हा साक्षीदार बोलावण्याची मागणी करणारा माणूस दुसऱ्यावर आळ घेताना साक्षीदाराची गरज मानत नाही. या दोन ओळी वहीत समोरासमोर लिहिल्या, तर नाटकातले सगळे अंतर त्यात दिसते.

सोफोक्लीजच्या नाटकातला राजा इडिपस आपल्याला प्रथम भेटतो तो प्रजेचा बाप म्हणून. थीब्ज नगरीत साथ पसरली आहे, लोक दाराशी आले आहेत, आणि त्यांनी मागण्याआधीच त्याने मेहुण्याला, क्रेऑनला, डेल्फीच्या देवस्थानाकडे कौल घ्यायला पाठवलेले आहे. हा माणूस झटपट विचार करतो आणि झटपट कृती करतो. याच गुणावर त्याने स्फिंक्सचे कोडे सोडवले आणि राज्य मिळवले. हा गुण वहीत लिहून ठेवावा, कारण पुढे तोच त्याला नडतो. मॅकबेथचेही तसेच आहे. तो रंगमंचावर येण्यापूर्वी एक जखमी सैनिक त्याच्या पराक्रमाचे वर्णन करतो, आणि शत्रूला उभा चिरल्याबद्दल राजा डंकन त्याची वाखाणणी करतो. ज्या हाताचा रणांगणावर गौरव झाला, तोच हात पुढे झोपलेल्या पाहुण्यावर चालतो.

लिअरच्या नाटकात मात्र ही सोय नाही. तो आला की लगेच मुलींमध्ये राज्याची वाटणी, लगेच धाकटीवर राग. तिथे नायकाच्या शांतपणाऐवजी त्याच्या माणसांची साक्ष घ्यावी. पहिल्या प्रवेशाच्या शेवटी दोघी थोरल्या मुली आपापसांत बोलतात, की म्हाताऱ्याला स्वतःची ओळख कधीच नीट नव्हती आणि भर उमेदीतही तो असाच अविचारी होता. त्या दुष्ट असल्या तरी त्यांचे हे निरीक्षण खोटे मानण्याचे कारण नाही.

अडवणारा माणूस कोण

दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन बसावे आणि नायकाला अडवणाऱ्या प्रत्येक पात्राच्या ओळीशेजारी खूण करावी. केंट हा निष्ठावंत सरदार लिअरला सांगतो, की हा उतावळेपणा आवर, धाकटी तुझ्यावर कमी प्रेम करत नाही. लिअरचा हात तलवारीकडे जातो, आणि तो केंटला तयारीसाठी पाच दिवस देऊन सहाव्या दिवशी राज्याबाहेर होण्याचा हुकूम देतो. इथे अडवणारा माणूस सरळ सरळ दिसतो. इडिपसच्या नाटकात हे काम जास्त गुंतागुंतीचे आहे, म्हणून त्या प्रवेशापाशी थोडे थांबले पाहिजे.

थीब्जचा आधीचा राजा लायस याचा खुनी शोधण्यासाठी अंध द्रष्टा टायरेसियस याला बोलावलेले आहे. तो येतो आणि येताक्षणीच परत जाऊ देण्याची विनंती करतो. इडिपस प्रथम आर्जव करतो, सगळ्या प्रजेच्या वतीने त्याच्यापुढे नमतो. टायरेसियस तरीही बोलत नाही, तेव्हा आर्जवाची जागा संताप घेतो, आणि खुनाच्या कटात तुझाच हात होता, असा आरोप इडिपस त्या म्हाताऱ्यावर करून बसतो. या आरोपानंतरच टायरेसियसच्या तोंडून सत्य बाहेर पडते, की ज्याला तू शोधतो आहेस तो खुनी तूच आहेस. सोफोक्लीजचे कौशल्य या क्रमात आहे. इडिपसच्या रागानेच सत्य बाहेर काढले, आणि त्याच रागामुळे ते त्याला ऐकू आले नाही. कारण तोवर ते वाक्य शत्रूने दिलेल्या शिवीसारखे झालेले होते.

यानंतर इडिपसची बुद्धी बंद पडते, असे पुष्कळदा लिहिले जाते. संहिता उलट सांगते. त्याची बुद्धी जोरात चालू असते. टायरेसियसला बोलावण्याचा सल्ला क्रेऑनने दिला; क्रेऑन राणीचा भाऊ आहे; आपण गेलो तर गादी त्याला मिळेल; तेव्हा हे दोघे मिळालेले आहेत. सगळे दुवे एकमेकांत चपखल बसतात, फक्त त्यांतला एकही तपासलेला नसतो. संतापाने बुद्धीला कामाला जुंपले आहे, हे इथे ओळखता आले पाहिजे. क्रेऑन येऊन शांतपणे उत्तर देतो, की मला राजाइतकाच मान चिंतेशिवाय मिळतो आहे, मग मी गादी कशाला मागू. आणि पुढे म्हणतो, की तू स्वतः डेल्फीला जा आणि मी आणलेला कौल खरा होता की नाही, ते विचार. पडताळणीची वाट इतक्या स्पष्ट शब्दांत समोर ठेवलेली असते. इडिपस तिकडे वळत नाही आणि क्रेऑनचा प्राणच मागतो. या ओळीला दोनदा खूण करावी.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. रागामुळे इडिपसचा नाश झाला, असे सरळ विधान करू नये. बापाचा खून आणि आईशी लग्न या दोन्ही गोष्टी नाटक सुरू होण्यापूर्वीच घडून गेल्या आहेत, आणि भविष्य तर त्याच्या जन्माआधीचे आहे. तिठ्यावर त्याला रस्त्यातून ढकलणाऱ्या सारथ्याला त्याने रागाने मारले, रथातल्या म्हाताऱ्याने डोक्यात पराणी मारली आणि मग त्याने त्यालाही ठार केले, हे तो राणी जोकास्टाला स्वतः सांगतो. तेव्हा राग तिथे होताच. पण नाटकाच्या चालू काळात त्याला उघडे पाडते ती त्याची शोध घेण्याची जिद्द. इतरांना तो एकामागून एक तपासत जातो, आणि ज्याच्याविषयी प्रश्नच विचारलेला नाही असा एकटा तो स्वतः उरतो. परीक्षेच्या उत्तरात एवढा भेद दाखवला, तरी ते उत्तर इतरांपेक्षा निराळे ठरेल.

पुरावा कसा हाताळला जातो

ऑथेल्लो वाचताना तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशाकडे सगळे धावतात. त्याआधी दुसऱ्या अंकातला रात्रीच्या मारामारीचा प्रवेश नीट वाचावा. ऑथेल्लोचा छुपा वैरी असलेल्या इयागो या त्याच्याच अधिकाऱ्याने कॅसिओला दारू पाजली आहे, सायप्रसच्या गडावर गोंधळ माजला आहे आणि ऑथेल्लो झोपेतून उठून आला आहे. भांडण कोणी सुरू केले, असे तो विचारतो. कॅसिओ शरमेने बोलू शकत नाही, मारामारीत सापडलेला सायप्रसचा अधिकारी मोंटानो जखमी आहे. तेव्हा ऑथेल्लो म्हणतो, की माझे रक्त आता माझ्या विवेकावर हुकमत गाजवू लागले आहे. मग तो एकट्या इयागोची हकीकत ऐकतो आणि उभ्या उभ्या कॅसिओला पदावरून काढून टाकतो. पुढे डेस्डेमोनाच्या बाबतीत जे घडणार आहे, त्याची ही छोटी प्रत आहे: एकाच माणसाची साक्ष, आरोपीचे मौन आणि तत्काळ शिक्षा. इयागो हे पाहतो. शत्रूला नायकाची कळ कशी सापडली, याचे उत्तर याच प्रवेशात आहे.

तिसऱ्या अंकात ऑथेल्लो इयागोची गचांडी धरून डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागतो. म्हणजे पडताळणीची मागणी त्याने केली, आणि अगदी रास्त केली. पण तिच्या उत्तरात त्याला मिळते काय, तर कॅसिओ झोपेत बरळला अशी एक ऐकीव गोष्ट आणि रुमाल त्याच्याकडे पाहिला असे एक विधान. तेवढ्यावर तो गुडघे टेकून सूडाची शपथ घेतो, आणि कॅसिओला मारण्यासाठी इयागोला तीन दिवसांची मुदत देतो. पुढे चौथ्या अंकात तो डेस्डेमोनाची सखी आणि इयागोची बायको एमिलिया हिची साक्ष घेतो. ती डेस्डेमोनाच्या निर्मळपणाची ग्वाही स्वतःचा आत्मा पणाला लावून देते. तर तो म्हणतो, की एखादी कुंटीणही एवढे बोलेलच. आपल्या संशयाला दुजोरा देणारी गोष्ट कितीही क्षुल्लक असली तरी ती पुरावा ठरते, आणि संशय फेडणारी गोष्ट कितीही ठाम असली तरी ती संशयात भर घालते, ही विकाराने ग्रासलेल्या मनाची खूण शेक्सपिअरने इतकी नेमकी दाखवली आहे, की चारशेहून अधिक वर्षांनंतरही आपल्या ओळखीच्या घरांत ती जशीच्या तशी सापडावी.

ऊर्मी आणि कृती यांच्यामधला वेळ

तिसरे वाचन वेळ मोजण्यासाठी करावे. भावना पहिल्यांदा बोलून दाखवली ती ओळ आणि कृती घडली ती ओळ, या दोहोंमध्ये किती प्रवेश जातात हे समासात लिहावे. मॅकबेथ डंकनचा खून करतो तेव्हा चेटकिणींच्या भविष्यापासून खुनापर्यंत बराच काळ तो स्वतःशी झगडतो; मध्यंतरी एकदा तर हे काम पुढे न्यायचे नाही असे बायकोला सांगूनही टाकतो. चौथ्या अंकात मॅकडफ हा विरोधी सरदार इंग्लंडला पळाल्याचे कळताच तो ठरवतो, की आता मनात आलेली पहिली गोष्ट हाताने लगेच केली जाईल, आणि लगेच मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल होते. पहिल्या खुनामागे लोभ होता आणि विवेकही जागा होता. या कत्तलीतून तर लाभही काही नव्हता. दोन खुनांमधला वेळ जसा आटत जातो, तसा माणूस आटत जातो.

हॅम्लेटची गोष्ट अधिक वेधक आहे. तो दिरंगाईसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्याची दिरंगाई म्हणजे पुष्कळ अंशी पडताळणीच आहे. पित्याचे भूत खरे बोलले की नाही, हे तपासण्यासाठी तो राजासमोर नाटक करवतो. त्या नाटकाच्या आधी तो होरेशिओची स्तुती करतो, की जो विकारांचा गुलाम नाही असा माणूस मला द्या, मी त्याला हृदयात जपेन. आणि त्याच रात्री आईच्या महालात पडद्यामागे कोण आहे ते न पाहता तलवार खुपसतो. पडद्यामागे राजा नसून ओफेलिया आणि लेअर्टीझ यांचा बाप पोलोनिअस निघतो. सगळ्या नाटकात न तपासता केलेला हा एक वार, आणि ओफेलियाचे वेड, लेअर्टीझचा सूड आणि विषारी तलवार हे सारे त्या वाराच्या पोटातून येते. आगरकरांनी १८८३ साली हे नाटक विकारविलसित या नावाने मराठीत आणले आणि पुढे गणपतराव जोशी यांनी हॅम्लेट साकारून ते मराठी प्रेक्षकांच्या मनात रुजवले. त्यामुळे आपल्या रंगभूमीची विकारांच्या नाटकाशी ओळख जुनी आहे.

अनावर म्हणजे उतावीळ, असे मात्र समजू नये. इसवीसनापूर्वी ४३१ साली युरिपिडीजने रंगमंचावर आणलेली, नवऱ्यावर सूड म्हणून स्वतःच्या मुलांना मारणारी मीडिया एक दिवसाची मुदत मागून घेते, बेत आखते, मुलांकडे पाहून पुन्हा पुन्हा मागे फिरते, आणि शेवटी स्पष्ट म्हणते, की मी काय वाईट करते आहे ते मला कळते, पण माझा क्रोध माझ्या विचारांपेक्षा बलवान आहे. तिला माहिती कमी पडलेली नाही. वर सांगितलेली पडताळणीची रीत इथे पुरत नाही, आणि ती ओढूनताणून लावूही नये. मीडिया वाचताना अडवणारा माणूस बाहेर शोधण्याऐवजी तिच्याच भाषणातले दोन आवाज वेगवेगळ्या रंगांनी खुणावेत.

भावनेला नाव देताना आपली परिभाषा वापरावी

षड्रिपूंची यादी घेऊन काम, क्रोध, लोभ असे शिक्के मारणे सोपे आहे, पण त्यांनी पुन्हा एका शब्दाचेच उत्तर मिळते. त्यापेक्षा नाट्यशास्त्र उपयोगी पडते. भरताने आठ स्थायी भाव सांगितले आणि त्यांच्या अंगाने येणारे-जाणारे तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले. कोसळणाऱ्या नायकाचा प्रवेश घेऊन त्यातल्या प्रत्येक वळणावर यांपैकी कोणता भाव आहे, हे लिहून पाहावे. ऑथेल्लोच्या तिसऱ्या-चौथ्या अंकांत शंका येते, मग चिंता, वितर्क, विषाद, अमर्ष, आवेग, उग्रता, आणि शेवटी तो फेफरे येऊन जमिनीवर कोसळतो तेव्हा चक्क अपस्मार. भरताच्या तेहतिसांत अपस्मारही आहेच. एवढी वाटचाल कागदावर आली, की मत्सर हा शब्द किती अपुरा होता ते ध्यानात येते.

भाषेकडेही असेच बारकाईने पाहावे. सिनेटपुढे घोळदार, तोलून मापून बोलणारा ऑथेल्लो चौथ्या अंकात फेफऱ्यापूर्वी तुटक गद्य बोलतो; रुमाल, कबुली, पुन्हा रुमाल. लिअर मात्र थोरल्या मुलीला वांझपणाचा शाप देतो तो सलग, पूर्ण वाक्यांत, देवतेला आवाहन करून. माझ्या मते सलग वाक्यातला संताप तुटक संतापापेक्षा भयंकर असतो, कारण त्यात विचारपूर्वक निवडलेले शब्द असतात. विंदा करंदीकरांचा राजा लिअर किंवा शिरवाडकरांचा ऑथेल्लो वाचताना ही लय मोठ्याने वाचून पाहावी. मराठीत आणखी एक साधन हाताशी आहे: नायक समोरच्याला कोणत्या ओळीवर अहो-जाहो करायचे थांबतो आणि अरे-तुरेवर येतो, ते पाहावे. चांगला अनुवादक ती ओळ योगायोगावर सोडत नाही.

सुधाकर आणि बेलवलकर

एकच प्याला हे दारूविरोधी नाटक आहे, असे मानून ते बाजूला ठेवणे हा त्या नाटकावर अन्याय आहे. गडकऱ्यांचे निधन जानेवारी १९१९मध्ये झाले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. सिंधू बालगंधर्वांनी आणि सुधाकर गणपतराव बोडस यांनी उभा केला. पहिला अंक दारूच्या दृष्टीने न वाचता मानीपणाच्या दृष्टीने वाचावा. सुधाकर बुद्धिमान, कर्तबगार वकील आहे. कोर्टात त्याचा न्यायाधीशाशी खटका उडतो आणि त्याची सनद काही काळासाठी जाते. जो आघात काही महिने गप्प बसून सोसता आला असता, तो त्याला एक रात्रही सोसवत नाही. तळीराम हा दारुडा सोबती पेला पुढे करतो तो या जळजळीवर. म्हणजे प्याला पहिला खरा, पण त्याच्याही आधी एक अपमान आहे आणि तो न गिळता येणारा मान आहे. अडवणारा माणूस इथेही आहे. पण गडकऱ्यांनी सुधाकरचा मित्र रामलाल याला नेमके त्याच सुमारास विलायतेला पाठवले आहे. ज्याचे सुधाकरने ऐकले असते तो दूर, आणि ज्याचे ऐकायला नको तो शेजारी, अशी ही रचना आहे. पुढे सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, तोही पुन्हा मानहानीपाशीच मोडतो. दोन्ही ठिकाणी अपमानाची ओळ आणि पेल्याची ओळ जोडीने खुणावली, की नाटकाचा कणा हाती येतो.

नटसम्राट १९७० साली मुंबईत रंगमंचावर आले. त्याचा नायक, वृद्ध नट गणपतराव बेलवलकर, यांची लिअरशी तुलना नेहमी होते, आणि मुलांना सारे देऊन टाकण्याचा भाग खरोखर सारखा आहे. फरक असा, की लिअर वाटणी करतो ती स्तुती ऐकण्याच्या हट्टाने, आणि बेलवलकर देतात ते मायेच्या भरात. न आवरलेली माया हीसुद्धा न आवरलेली भावनाच आहे. फक्त तिच्यावर प्रेक्षक रागवू शकत नाही, आणि म्हणून तो प्रयोग अधिक जिव्हारी लागतो.

तालमीत हे कसे उतरवावे

तरुण संघांच्या तालमींत एक गोष्ट फार वेळा दिसते: नट पहिल्या वाक्यापासूनच पेटलेला असतो. मग तिसऱ्या अंकात त्याला चढायला जागाच उरत नाही. यावर सपाट वाचन हा चांगला उपाय आहे. तोल जाण्याचा संपूर्ण प्रवेश सर्वांनी बसून, कसलाही चढउतार न करता, बातमी वाचावी तसा वाचावा. काही ओळी निमूटपणे सपाट राहतील आणि काही ओळींवर सपाट राहणे जमणारच नाही. आवाज आपोआप हलेल. त्या ओळी दिग्दर्शकाने टिपून घ्याव्यात. चढण्याच्या खऱ्या जागा त्याच आहेत. नोकरी आटोपून, लोकलच्या गर्दीतून, शाळेच्या भाड्याने घेतलेल्या वर्गात दमून आलेल्या नटाचा घसाही यामुळे वाचतो.

पात्रयोजना करताना अडवणाऱ्या माणसाची भूमिका नवशिक्याला देऊ नये. केंट, एमिलिया, क्रेऑन किंवा रामलाल जर दुबळा वाटला, तर त्याचे न ऐकणे ही चूक वाटतच नाही, आणि नायकाचे पतन आपोआप घडल्यासारखे दिसते. प्रेक्षकाला क्षणभर वाटले पाहिजे, की आता हा ऐकेल. त्यासाठी अडवणाऱ्याच्या वाक्यानंतर नायकाने थोडा वेळ घ्यावा. ती स्तब्धता संहितेत लिहिलेली नसते, पण सगळा प्रवेश तिच्यावर तोललेला असतो.

कुठून सुरुवात करावी

नवख्या वाचकाने सोफोक्लीजच्या अँटिगनीपासून सुरुवात करावी. नाटक लहान आहे, आणि वर सांगितलेली प्रत्येक खूण त्यात मोकळेपणाने दिसते. आता थीब्जचा राजा झालेल्या क्रेऑनने पॉलिनायसीजच्या प्रेतावर संस्कार करायला बंदी केली आहे, आणि ती मोडणारी त्याची बहीण अँटिगनी, हेमॉनची वाग्दत्त वधू, हिला तो गुहेत कोंडून मारण्याची शिक्षा देतो. क्रेऑनचे पहिले भाषण आधी वाचावे; उत्तम सल्ला न स्वीकारणारा राज्यकर्ता सर्वांत वाईट, असे तो स्वतः त्यात म्हणतो. मग मुलगा हेमॉन आणि क्रेऑन यांचा प्रवेश घ्यावा. हेमॉन नम्रपणे सुरुवात करतो, पुरात वाकणारी झाडे टिकतात आणि ताठ राहणारी उन्मळतात असे सांगतो, शहर त्या मुलीसाठी हळहळते आहे असे सांगतो. आणि काही ओळींतच बाप तिला मुलाच्या डोळ्यांसमोर मारण्याची भाषा करू लागतो. या दोन्हीमधल्या प्रत्येक ओळीशेजारी कोण अडवतो आहे आणि काय झिडकारले जाते आहे, ते लिहावे. शेवटी टायरेसियसनंतर क्रेऑन वळतो तो भाग काळजीपूर्वक पाहावा. वृद्धांचा समूह त्याला सांगतो, की आधी गुहेतून मुलीला सोडव आणि मग त्या प्रेतावर संस्कार कर. क्रेऑन आधी पॉलिनायसीजच्या प्रेताचे दहन करतो आणि नंतर गुहेकडे जातो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हा क्रम दूताच्या भाषणात आहे आणि भरभर वाचताना सहज निसटतो, म्हणून ते भाषण दोनदा वाचावे.